ठरवतो सगळेच, मग अडते कुठे?

१४ एप्रिलची मिरवणूक संपली की, अशोक विजयादशमीला विहारातून घरी परतताना, नाहीतर घरातले कोणी अचानक दवाखान्यात भरती झाले की आपण मनाशी काहीतरी ठरवतो. तंबाखू बंद. रोज सकाळी चालायचे. बीपीची गोळी चुकवायची नाही. मुलीला बारावीच्या पुढे शिकवायचे, त्यासाठी दर महिन्याला पैसे बाजूला टाकायचे. ठरवताना कोणी खोटे ठरवत नाही. तरी महिन्याभरात त्यातले बरेचसे विरून जाते आणि माणूस स्वतःलाच दोष देतो की माझ्यात जिद्दच नाही.

आम्हाला हे पटत नाही. ऊसतोडीच्या फडात पाच-पाच महिने भल्या पहाटे उठून, भाकरी थापून, दिवसभर मोळ्या बांधणाऱ्या बाईत जिद्द नाही असे कोण म्हणेल? जिद्द आहे. कमी पडते ती ठरवण्याची रीत, आणि ती शिकता येते. आरोग्याच्या पानावर हा विषय घेण्याचे कारण असे की रक्तदाब, साखर आणि तोंडाचा कर्करोग या तिन्ही दुखण्यांत डॉक्टरचे काम थोडे आणि रोजच्या सवयीचे काम फार. चिठ्ठी डॉक्टर लिहून देतील. गोळी रोज घ्यायची आहे ती आपल्याला.

ध्येयाचे शब्द कसे असावेत, तिथून सुरुवात करू. "तब्येत सांभाळीन" हे ध्येय नव्हे. ते आज पाळले की नाही, हे रात्री झोपताना सांगता येत नाही. जे मोजता येते तेच धरून ठेवता येते. मिठाचे उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे एक छोटा चमचा. आता दर भाजीला चमचा कोण मोजत बसणार? पण पुडा मोजता येतो. पाच माणसांच्या घरात दिवसाला २५ ग्रॅम धरले तर १ किलोचा पुडा ४० दिवस पुरायला हवा. ज्या दिवशी पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा. वीस दिवसांत संपला तर घरातले मीठ दुप्पट आहे हे कोणी सांगायची गरज नाही. लोणचे, पापड, फरसाण, खारे शेंगदाणे यांतले मीठ त्यात धरलेलेच नाही. मग ध्येय असे होते: "पुढचा पुडा तीस दिवस चालवायचा, त्याच्या पुढचा चाळीस." घरात बीपीचा माणूस असेल तर यासारखे स्वस्त औषध दुसरे नाही. एकदम अळणी जेवण वाढले तर घरातली माणसे ताटावरून उठतील. थोडे थोडे कमी केले तर जीभ काही आठवड्यांत सरावते.

आता मुख्य अडचण. ध्येय कसे गाठावे हे सांगणारी पुस्तके आणि मोबाइलवरची भाषणे बहुतेक अशा माणसासाठी असतात ज्याचा दिवस त्याच्या हातात आहे. पाचला उठा, सहाला व्यायाम, सातला वाचन. आपल्या वस्तीतला दिवस असा नसतो. परतूर तालुक्यातल्या आपल्या आष्टीचेच घ्या. कापूस वेचणीला मुकादमाची गाडी कधी येईल तेव्हा निघायचे, नळाला पाणी येईल तेव्हा भरायचे, लाइट असेल तेव्हा दळण आणायचे. अशा दिवसात "रोज सकाळी सहा वाजता" म्हणून ठरवलेली गोष्ट आठवड्यात मोडते, आणि ती मोडली याचा दोष माणसाचा नसतो.

म्हणून घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. काहीही झाले तरी रोज होणारी कामे प्रत्येक घरात असतात: सकाळचा चहा, दात घासणे, वंदना, रात्रीचे जेवण, अंथरूण टाकणे. नवी सवय यातल्या एकीच्या शेपटीला बांधायची. "दात घासले की बीपीची गोळी." "रात्री अंथरूण टाकले की दहा मिनिटे मुलाचा अभ्यास बघायचा." गरोदर ताईंची लोहाची गोळी रात्रीच्या जेवणाला जोडावी, चहाला नाही, चहाबरोबर घेतली तर लोह अंगी नीट लागत नाही. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस ही गोळी सरकारी दवाखान्यातून मिळते. इतके दिवस नुसती आठवण ठेवून कोणाचे जमते? जेवणाला जोडली तर जमते.

हे आमच्या डोक्यातून निघालेले नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरेच काम केले. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्यांवर केलेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटे व्यायाम करा, एवढीच अपेक्षा होती. एका गटाला काहीच विशेष सांगितले नाही. दुसऱ्या गटाला हृदयविकाराची सगळी माहिती वाचायला दिली. तिसऱ्या गटाने माहिती तर वाचलीच, शिवाय कोणत्या दिवशी, कुठे आणि कधी व्यायाम करणार हे कागदावर लिहून दिले. पहिल्या गटात शंभरातल्या ३८ जणांनी व्यायाम केला. माहिती वाचलेल्या गटात ३५ जणांनी, म्हणजे नुसत्या माहितीने काहीच फरक पडला नाही. जागा आणि वेळ लिहून देणाऱ्या गटात ९१ जणांनी केला. आरोग्याचे पान चालवणाऱ्या आम्हालाही हा आकडा विचार करायला लावतो. तेव्हा हे पान वाचून बाजूला ठेवू नका, एक ओळ तरी कागदावर उतरवा.

सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? २१ दिवस लागतात असे सगळीकडे ऐकू येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर याचा अभ्यास केला तेव्हा मधला आकडा ६६ दिवस आला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५० पेक्षा जास्त लागतील असा त्यांचा हिशोब निघाला. त्यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे एकविसाव्या दिवशीही जड जात असेल तर त्यात वावगे काही नाही, अर्ध्याहून जास्त वाट अजून बाकी आहे इतकेच.

तंबाखूवर जरा थांबून बोलावे लागेल, कारण आपल्या वस्त्यांतून माणसे अकाली जातात त्यात तिचा वाटा मोठा आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या शंभर माणसांत सुमारे २७ जण तंबाखूचे कोणते ना कोणते रूप घेत होते. विडी-सिगारेट ओढणारे शंभरात जेमतेम चार. बाकीची सगळी तोंडात ठेवायची तंबाखू. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती पाळली कशी जाते हे कोणत्याही टपरीवर दिसते. ज्या माता-भगिनी "आम्ही तंबाखू खात नाही, फक्त मिसरी लावतो" म्हणतात त्यांनी मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे हे ध्यानात घ्यावे.

सोडायची असेल तर आधी तीन दिवस काहीच सोडू नका, फक्त मोजा. प्रत्येक चिमटीला पुडीवर एक रेघ ओढा. रेघा बघितल्या की कळते की बारापैकी चार चिमट्या जेवणानंतरच्या आहेत, तीन कामाच्या सुट्टीत कोणीतरी मळून पुढे केलेल्या आहेत, एक पहाटे पोट साफ होण्यासाठीची आहे. प्रत्येकीचा उतारा वेगळा. जेवणानंतरच्या जागी बडीशेप किंवा भाजलेला ओवा. पहाटेच्या जागी कोमट पाणी. दोन-चार दिवस पोट कुरकुर करील, मग वळणावर येईल. सुट्टीतल्या चिमटीला मात्र ओवा चालत नाही, तिथे माणूस लागतो. मळून देणाऱ्या दोस्ताला आधीच सांगा, "माझ्यापुढे हात करू नको." तंबाखू सोडून नुसत्या सुपारीवर येणारे बरेच असतात, आणि आपण सुटलो असे त्यांना वाटते. सुपारी स्वतःच कर्करोगाला कारण होते, तंबाखू नसली तरी. तेव्हा ती अदलाबदल करू नये.

मग तारीख ठरवा, दोन आठवड्यांच्या आतली. घरात लग्न आहे किंवा कोयत्यावर निघायचे आहे असा आठवडा धरू नका. त्या दिवशी चुन्याची डबी घरातून बाहेर गेली पाहिजे. "जवळ ठेवतो पण खात नाही" हा प्रकार टिकत नाही. पहिले तीन दिवस सर्वांत अवघड. डोके दुखते, झोप उडते, चिडचिड होते, आणि घरातल्यांनी तेवढे दिवस ती चिडचिड मनावर घेऊ नये. तलफ आली की वाटते आता ही जाणारच नाही, पण एकेक तलफ पाच-दहा मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी प्या, उठून दारात फेरी मारा, कोणाला फोन लावा. दोन ते चार आठवड्यांत हा त्रास बराच उतरतो. १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो, तिथले समुपदेशक बोलतात आणि नंतर पुन्हा फोन करून विचारपूसही करतात.

पैशाचा हिशोब आम्ही मुद्दाम करतो. दिवसाला २० रुपये धरले तर महिन्याला ६००, वर्षाला ७,३००. हे पैसे नुसते "वाचतात" म्हटले तर ते दिसत नाहीत, कुठेतरी खर्च होऊन जातात. म्हणून रोजचे वीस रुपये डब्यात टाकावेत आणि डबा घरातल्या बाईच्या किंवा शाळकरी मुलीच्या ताब्यात द्यावा. एका वर्षाच्या तंबाखूत मुलीची सायकल येते. ही सायकल दारात उभी राहिली की वडिलांना पुन्हा पुडी उघडणे फार अवघड जाते.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, किंवा तीन बोटे उभी मावतील इतके तोंड उघडत नसेल, तर वरचे सगळे बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठा. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत; केसपेपरच्या पैशाचीही काळजी करायची नाही.

दारूबाबत एक इशारा. जो माणूस वर्षानुवर्षे रोज सकाळपासून पितो त्याने "आजपासून थेंब नाही" असे एकाएकी स्वतःच्या बळावर ठरवू नये. अशा माणसाला दारू तुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरणे, भास होणे, फिट येणे असे प्रकार होऊ शकतात आणि त्यात जीवही जातो. त्याचे सोडणे डॉक्टरच्या देखरेखीखालीच व्हावे. मन खचले असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे. तसेच, "गोळ्या बंद करणे" हे बीपी-साखरेच्या माणसाचे ध्येय असू नये. बरे वाटते म्हणून गोळी सोडायची नाही. बरे वाटते तेच गोळीमुळे.

आष्टी म्हटले की बाहेरच्या माणसाला बीड जिल्ह्यातली आष्टी आठवते, वर्ध्यातही एक आष्टी आहे, आणि आपल्याला नेहमी "जालन्याची" असे जोडून सांगावे लागते. पण बीडच्या त्या आष्टी तालुक्याकडून एक गोष्ट उसनी घ्यायला हरकत नाही. तिथल्या मांडवा गावचा अविनाश साबळे, शेतकरी घरातला पोरगा, बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये शिपाई म्हणून भरती झाला. तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत तो धावतो. त्यात अडथळे ओलांडायचे असतात आणि पाण्याचा खड्डाही असतो. या शर्यतीतला भारताचा विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर ३७ वर्षे पडून होता, ८ मिनिटे ३०.८८ सेकंद. २०१८ मध्ये भुवनेश्वरला साबळेने तो मोडला, किती फरकाने? सव्वा सेकंदसुद्धा नाही: ८ मिनिटे २९.८०. पुढे तो स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत गेला. कधी एक सेकंद, कधी दोन-तीन. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० वर रौप्यपदक, आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ०९.९१. सहा वर्षांत वीस सेकंद. २०१८ मध्येच त्याला कोणी "वीस सेकंद कमी कर" म्हटले असते तर ते वेड्यासारखे वाटले असते. आपल्या कामातही पुढची पायरी बघावी. साखर ३०० आहे तर "नॉर्मल करीन" म्हणून घाबरून बसण्यापेक्षा चहातला दुसरा चमचा आधी बंद होऊ द्या, औषध वेळेवर होऊ द्या, पुढच्या तपासणीत आकडा खाली आला का ते बघा.

चालण्याविषयी जाता जाता. आठवड्याला १५० मिनिटे घाम येईल अशी हालचाल करावी असा सल्ला असतो. तो टपरीवर, रिक्षात, शिलाई मशिनवर किंवा कार्यालयात बसून राहणाऱ्यांसाठी आहे. दिवसभर निंदणी करून आलेल्या बाईला "रोज चालत जा" सांगणे ही थट्टा आहे. तिचे ध्येय विश्रांती आणि पोटभर जेवण हेच असायला हवे.

हीच गोष्ट घरातल्या पुरुषांनी समजून घ्यावी. बाईचे कोणतेही ध्येय, मग ते गोळी वेळेवर घेण्याचे असो की दहावीचा फॉर्म नव्याने भरण्याचे, बहुतेक वेळा आळसाने मोडत नाही, दुसऱ्याच्या कामाने मोडते. पाणी, स्वयंपाक, सासूचे दुखणे, पोराचा ताप. घराला वाटत असेल की तिने अभ्यास करावा, तर रात्रीची भांडी कोण घासणार हे आधी ठरवा. ते ठरले नाही तर बाकी सगळे बोलणेच.

काम मध्येच तुटते तेव्हा काय करायचे, याचे उत्तर बाबासाहेबांच्या आयुष्यात आहे. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, मधली वर्षे मोजत नाही. १९१६ मध्ये ते लंडनला शिकायला गेले आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अर्धवट सोडून परतावे लागले. पण येताना त्यांनी एक काम करून ठेवले: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली. म्हणजे ध्येय मोडले नाही, त्याला मुदत बांधली. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून घर चालवत पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज त्यात घातले, आणि १९२० मध्ये, मुदत संपायच्या आत, पुन्हा लंडन गाठले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.च्या प्रबंधावर परीक्षकांनी आक्षेप घेतला, तेव्हा तो दुरुस्त करून पुन्हा दिला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. पैशामुळे शिक्षण किंवा उपचार मध्येच थांबलेल्या घराने त्यांच्याकडून हे शिकावे की सोडताना परत येण्याची तारीख आणि वाट लिहून ठेवायची. शाळा सुटत असेल तर दाखला, गुणपत्रिका, मुक्त विद्यालयाची चौकशी आधी करायची. उपचार थांबत असेल तर कागद नीट ठेवून "अमुक महिन्यात पुन्हा" असे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचे.

सगळे मिळून करायचे तर आपल्याकडे मुहूर्त तयार आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचायला आपण तसेही जमतो. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस. वर सांगितलेल्या ६६ दिवसांपेक्षा जास्तच. प्रत्येकाने एकच गोष्ट घ्यावी, दोन नाहीत. ती एका ओळीत लिहावी: "अमुक काम झाले की मी अमुक करीन." भिंतीवरच्या कॅलेंडरवर जमलेल्या दिवशी फुली मारावी. विहारात पाच-सहा जणांच्या गटाने आठवड्यातून एकदा एकमेकांना किती फुल्या झाल्या ते विचारावे. मोठ्या फळ्यावर सर्वांची नावे लिहून चुकलेल्यांना गाठायचे, असे मात्र करू नये. ज्याची लाज काढली तो दुसऱ्या आठवड्यापासून विहारातच येत नाही. दारूसारख्या गोष्टीत तर गटात बोलायचे की एकाच विश्वासाच्या माणसाशी, हे ज्याचे त्याने ठरवावे. लागोपाठ दोन दिवस फुली राहिली की गटातल्या कोणाच्या तरी दारात जायचे, एवढा एक नियम पुरे.

आणि आश्विन पौर्णिमेनंतर कोयता घेऊन निघणाऱ्यांनी गाडीत बसण्याआधी आरोग्य केंद्रातून बीपी-साखरेच्या जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात, तपासणीचे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्यावे, आणि फडावर पोहोचल्यावर तिथले जवळचे सरकारी केंद्र कुठे आहे ते पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवावे.